उलटा ठेवलेला डबा

१

आमचा कॉम्प्युटर उन्हाळ्यात कधी तापला नाही. तापायला लागला तो थंडीत, तेही ऐन कडाक्याच्या, खिडकीच्या काचा आतून ओल्या व्हायला लागल्या तेव्हा. माणसं गारठत होती आणि याला घाम फुटत होता. पहिल्यांदा तो आपोआप बंद पडला तेव्हा मला वीज गेली असं वाटलं. दिवा चालू होता. खाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर चटका बसला.

मी आणि बायको, आम्ही दोघं मिळून घरांची चित्रं करतो. करायचो, म्हणायला हवं. अजून जीभ वळत नाही. ज्यांना घर बांधायचंय त्यांना ते बांधायच्या आधी कसं दिसेल हे दाखवायचं, एवढंच आमचं काम. खिडकी कुठे, ओटा किती उंच, कपाटाचं दार उघडल्यावर कुणाच्या डोक्याला लागेल का, हे सगळं ती कागदावर पेन्सिलीनं काढायची. मी ते कॉम्प्युटरवर चढवायचो, भिंतींना रंग द्यायचो, खिडकीतून ऊन सोडायचो. त्या उन्हाचा हिशोब करायला मशीनला तासन्‌तास लागतात. तेवढा वेळ डबा घरघरत राहतो आणि पंखा गरम हवा बाहेर फेकत असतो. या कामाला आम्ही ‘शिजत ठेवणं’ म्हणायचो. गिऱ्हाइकाचा फोन आला की ती सांगायची, तुमची बैठकीची खोली शिजतेय, संध्याकाळी पाठवतो.

टेबल एकच, लांबलचक. दाराकडच्या बाजूला मी, खिडकीकडे ती, समोरासमोर. डबा खाली फरशीवर, आणि तो उलटा. म्हणजे एरवी त्याची पाठ भिंतीकडे असते, पण मी तो टेबलाखाली मधोमध ओढून अशा बेतानं ठेवला होता की तोंड माझ्याकडे आणि पाठ थेट तिच्या पायांकडे यावी. तिचे पाय बारा महिने गार. रक्त नीट पोचत नाही म्हणे तिथवर. डॉक्टरांनी लांबलचक नाव दिलं होतं त्या दुखण्याला. ती म्हणायची, हे पाय माझे नाहीतच, कुणीतरी बदलून नेलेत. थंडीत सपाता काढून ती दोन्ही तळवे डब्याच्या पाठीला लावून बसायची. पाठीला दोन जाळ्या आहेत, वरची मोठी, खालची लहान. एक पाऊल हिच्यावर, एक तिच्यावर. आणि काम नसलं तरी, “अहो, काहीतरी शिजायला लावा ना.” मग मी एखादी जुनी, कधीच दिलेली खोली पुन्हा शिजायला लावायचो.

थंडी सुरू व्हायच्या आत ती गेली. मला तिची फार आठवण येते. हे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढे पुढे आडून आडून सांगत बसायला नको.

कामाच्या प्रती दुसरीकडे ठेवलेल्या होत्या, त्यामुळे मशीन गेलं असतं तरी काम गेलं नसतं. मला भीती होती ती डब्याचीच. त्या घरघरीत आम्ही दोघं इतकी वर्षं बसलो होतो. घरात तिच्या वेळचा आवाज म्हणावा असा तेवढाच उरला होता, आणि तो काहीही करून मला टिकवायचा होता.

२

दुरुस्तीवाल्याला आमच्या गल्लीत सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो मशीनला पेशंट म्हणतो. दारातूनच त्यानं विचारलं, “काय काका, पेशंटला ताप किती?”

“हात लावून बघ.”

त्यानं झाकण उघडलं. ब्लोअरनं आतली धूळ उडवली, पंख्याची पाती पुसली, मधल्या चिपवरची वाळून कडक झालेली पेस्ट खरवडून काढून नवी लावली. हे करताना त्याचं तोंड चालूच होतं. मग मागे वाकून बघितलं आणि हसला.

“हा असा खोलीच्या मधोमध कुणी ठेवला? वायरी बघा कशा ताणल्यात.”

“मीच.”

“का?”

“तेवढं राहू दे,” मी म्हणालो.

“राहू दे तर राहू दे. उलट बरंच आहे, मागे भरपूर मोकळी जागा आहे. हवा खेळायला काहीच अडचण नाही.”

त्यानं मशीन चालू केलं, मला खोली शिजायला लावायला सांगितली आणि उभ्यानं चहा प्यायला. आम्ही दोघं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्याकडे बघत होतो. आकडा थोडा चढला आणि जागेवर थांबला. डॉक्टर खूश झाला. तो गेल्यावर मी खुर्चीत बसलो, माऊस हातात घेतला, आणि आकडा पुन्हा चढू लागला. मशीन बंद पडलं.

दुसऱ्या खेपेला तो डबा उचलून दुकानात घेऊन गेला. तिथे दिवसभर चालवला. म्हणाला, अगदी गार, तक्रार म्हणून नाही. परत आणून जागेवर ठेवला आणि तो निघाल्यावर पुन्हा तेच.

“काका, मग तुम्हीच गरम आहात,” तो फोनवर म्हणाला. “बरं, एक करा. मागच्या जाळीसमोर टिश्यू पेपरची पट्टी टांगा. फडफडली तर हवा येतेय. नाही फडफडली तर कुणीतरी वाट अडवतंय. पडदा, पिशवी, कायतरी.”

पडदा नाही, पिशवी नाही. तिच्या बाजूला तिची खुर्ची सोडून काही नव्हतं. ती मी हलवली नव्हती.

३

पट्टी मी टेबलाच्या तिच्याकडच्या कडेला चिकटवली, जाळीसमोर लोंबेल अशी. तिचं वरचं टोक मी कडेच्या वर दोन बोटं सुटं ठेवलं होतं, ते माझ्या खुर्चीतूनही हलताना दिसत होतं. मशीन चालू केलं. पट्टी फडफडू लागली. बरं वाटलं. जाऊन खुर्चीत बसलो, काम सुरू केलं. बाकी होतं ते एका जोडप्याचं घर, तिनं संपूर्ण काढून ठेवलेलं. त्यातल्या आतल्या खोलीला मी ऊन देत होतो.

पट्टी थांबली.

उठून पलीकडे गेलो तर फडफडत होती. परत येऊन बसलो. थोडा वेळ फडफडली, मग थांबली. लगेच थांबली असती तर मी खुर्चीला, माझ्या वजनाला, फरशीच्या उताराला दोष दिला असता. पण आधी तिचा वेग कमी झाला, मग ती एका बाजूला सरकली, आणि मग निपचित लोंबली. कुणी घाईगडबड न करता सवयीच्या जागी बसावं तसं ते होतं.

मी काही भाबडा माणूस नाही. भुतंखेतं या विषयावर मी आजवर चारचौघांत भरपूर टवाळी केली आहे. म्हणून मी आधी सगळी कारणं काढून पाहिली. मी बसलो की माझे पाय पुढून आत जाणारी हवा अडवत असतील; पाय मागे घेऊन बसलो. दाराची फट असेल. ती बोळ्यानं बंद केली. खिडकीतून येणारा गारवा गरम हवेला रेटत असेल. खिडकीवर जाड चादर टांगली. आता खोलीत भरदुपारी अंधार झाला आणि पट्टी तशीच निपचित.

शेवटी खुर्चीतून न उठता मी खाली घसरलो आणि टेबलाखालून, डब्यावरून, हात पलीकडे लांबवला. आत पंखा जिवाच्या आकांतानं फिरत होता. वरच्या जाळीच्या कडांमधून गरम हवेच्या बारीक धारा बाहेर येत होत्या, पण मधून काहीच नाही. खालच्या जाळीचंही तसंच. हवा येत नव्हती ती जागा मी हाताच्या पाठीनं चाचपली. लांबट होती. वर रुंद, मध्ये एका बाजूनं आत गेलेली, खाली गोल. हाताला कशाचाही स्पर्श झाला नाही. फक्त तेवढ्या जागेत माझा हात गारठला, आणि तो गारठा माझ्या ओळखीचा होता.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तिचे पाय धरून बसलो होतो. दोन्ही हातांनी चोळत होतो. नर्स दोनदा येऊन गेली. ते गरम झाले नाहीत.

हात काढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. दोन कप झाला होता हे ओतताना कळलं. सवय, दुसरं काय, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं.

४

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. ती औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे. एखादी गोष्ट बिघडली आहे म्हटलं की तिला चैन पडत नाही. खिडकीवरची चादर तिनं आल्या आल्या ओढून काढली आणि घडी घातली.

“बाबा, काय अवस्था केलीय खोलीची. जेवताय ना नीट?”

“जेवतोय की.”

“डोळे बघा कसे खोल गेलेत. माझ्याकडे चला म्हणतेय तर ऐकत नाही तुम्ही.”

“हे काम संपू दे.”

“या मशीनवर? हे तुमचं काम संपवायच्या आत तुम्हाला संपवेल.” तिनं डब्याला हात लावून झटकन मागे घेतला. “हा खाली का ठेवलाय? जमिनीवरची सगळी धूळ खातोय. वर ठेवा, हवा लागेल.”

“नको. तिथेच असू दे.”

“का पण?”

आईचे पाय, असं म्हणालो असतो तर तिनं मला त्याच दिवशी उचलून नेलं असतं. तेवढ्यात तिनं वायरी काढल्या, डबा उचलला आणि टेबलावर, माझ्या उजव्या हाताला ठेवला. लहानपणी शाळेची बॅग भरायची तसं ओठ दाबून तिनं सगळं पुन्हा जोडलं. जाताना दारात मला घट्ट मिठी मारली. तिचेही डोळे खोल गेले होते, हे मला तेव्हा दिसलं.

डबा वर आल्यावर मशीन सुतासारखं सरळ झालं. आकडा चढेना. मी दिवसभर काम केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. जोडप्याच्या घराच्या तीन खोल्या झाल्या. मुलीला फोन करून शाबासकी दिली, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

आवाज त्याच दुपारी सुरू झाला. तळव्यावर तळवा घासल्याचा, कोरडा. ती अशीच घासायची, ऊब नसली की. आधी टेबलाखालून आला. मी मशीन बंद करून ऐकलं, मग तोही थांबला. मशीन चालू केलं, तोही सुरू. म्हणजे यंत्राचाच आहे, मी ठरवलं, आणि त्या ठरवण्याला चिकटून संध्याकाळपर्यंत काम केलं.

पण पुढच्या दिवशी तो जागेवर राहिला नाही. फरशीवरून सरकत भिंतीकडे गेला, जिथून गरम पाण्याचा पाइप वर जातो. तिथे बराच वेळ होता. मी सकाळी आंघोळ करून नळ बंद केलेला. पाइप कधीच गार झाला असणार. मग आवाज दारातून बाहेर पडला. पावलं उचलल्याचा आवाज नव्हता. पाय ओढत चालल्याचा होता, मध्ये थांबत, भिंतीला धरून चालल्यासारखा. स्वयंपाकघरात फ्रीजच्या मागे गेला. फ्रीजची पाठ कोमट असते. थोड्या वेळानं फ्रीज घरघरला आणि घरघरतच राहिला, एरवी थांबतो तसा थांबला नाही.

मी खुर्चीत बसून होतो. भीती वाटतच होती. पण त्या भीतीच्या खाली जे होतं ते सोसवत नव्हतं. माझी बायको ऊब शोधत घरभर फिरत होती, आणि ऊब मी टेबलावर उचलून ठेवली होती.

५

मी डबा परत खाली ठेवला. पाठ तिच्या खुर्चीकडे. वायरी पुन्हा ताणल्या.

डोकं ताळ्यावर होतं. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. डबा वर राहिला तर डबा जगेल, घरघर राहील आणि ती गारठेल. खाली राहिला तर ती त्याची वाट अडवून बसेल आणि तो आज ना उद्या जळेल. मग तीही जाईल कुठेतरी, किंवा जाणार नाही. यातलं काय वाईट हे ठरवायला कुणाला विचारणार? डॉक्टरला?

मशीनला सगळ्यात जड पडेल असं काम मी काढलं. तिनं काढलेलं प्रत्येक घर एकामागोमाग एक उघडलं आणि सगळी एकदम शिजायला लावली. तापला की मशीन आपणहून बंद होतं, ती सोय शोधून बंद केली. पंखा ओरडायला लागला. मी वाट पाहिली.

फ्रीज थांबला.

पाय ओढल्याचा आवाज दारातून आत आला. माझ्या पाठीमागून गेला. त्या वेळी मी मान वळवली नाही, वळवूच शकलो नाही. टेबलाच्या टोकाला वळसा घालून तो पलीकडे गेला. खुर्ची हलली नाही. टिश्यूची पट्टी आधी वेडीवाकडी फडफडत होती, ती हळू झाली आणि थांबली.

मी वाकलो. एवढे दिवस मी वाकून पाहिलं नव्हतं, हातानं चाचपून कळलं तेवढं पुरे होतं. आता वाकून, डब्याच्या बाजूनं, पलीकडे पाहिलं.

दोन टाचा दिसल्या. फरशीपासून वर उचललेल्या, एक जरा उंच, एक खाली. तिच्याच. डाव्या टाचेवर भेग होती, तिच्यावर ती हिवाळाभर मलम चोळायची ती. रंग मात्र तिचा नव्हता. दवाखान्यात शेवटी झाला होता तो होता. घोट्यापाशी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लटकत होता, सुई काढल्यावर कुणी काढायचा विसरलेला. घोट्याच्या वर टेबलाखालचा अंधार होता आणि मी त्याच्यात डोळे घातले नाहीत. बोटं हलत होती, ऊन लागल्यावर हलतात तशी, हळूहळू.

मी सरळ झालो. समोर तिची खुर्ची, खुर्चीत कुणी नाही. मागे खिडकी, खिडकीत शेजारच्या इमारतीची भिंत. “बरं वाटतंय का गं?” मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

आकडा नव्वदीच्या पुढे गेला होता. मी ठरवलं असतं तर बटण दाबता आलं असतं. स्क्रीनवर तिची घरं एकेक करून उजळत होती, ओटे, जिने, झोपायच्या खोल्या, सगळ्यांत आमच्याच हातानं सोडलेलं ऊन. करपल्याचा वास आला. मग स्क्रीन काळी झाली, पंखा दोन-चार वेळा अडखळला, आणि घर गप्प झालं.

इतकं गप्प घर मी तिच्या जाण्यानंतरही ऐकलं नव्हतं. मी रडलो. डब्यासाठी रडलो असं म्हटलं तर हसाल, पण त्याच्यासाठीही रडलो.

६

डबा निवायला फार वेळ लागला नाही. तो निवला तसा तळव्यावर तळवा घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. आधी सावकाश, मग घाईघाईनं.

मी सपाता काढल्या. पायमोजे काढले. खुर्ची पुढे ओढून, डबा पायानंच बाजूला लोटून, दोन्ही पाय टेबलाखाली होतील तेवढे लांब केले आणि तसाच बसून राहिलो. पुढे काय झालं ते मी नीट सांगू शकणार नाही. एवढंच, की घासणं थांबलं. आणि पोटऱ्यांपर्यंत माझे पाय मला कळेनासे झाले.

मुलगी आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. तिच्याकडे घराची किल्ली असते. मी फोन उचलत नव्हतो म्हणून ती कामावरून तशीच आली होती, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र.

“बाबा! किती फोन केले मी. आणि हा वास कसला?” तिनं काळी स्क्रीन पाहिली, खाली बाजूला लोटलेला डबा पाहिला. “अरे देवा. पुन्हा खाली ठेवलात? गेलं ना मशीन?”

“गेलं.”

“जाऊ दे, दुसरं घेऊ. तुम्ही असे काय बसलात? उठा बघू.”

“नाही उठता येत गं.”

तिनं माझ्या गुडघ्याला हात लावला, मग खाली पोटरीला, आणि तिचा चेहरा बदलला. “बर्फ झालेत पाय. बर्फ! कधीपासून बसलाय असे, अनवाणी?” रागावत, बडबडत ती आतल्या खोलीत गेली, कपाटाचे खण उघडल्याचे आवाज आले, आणि माझे जाड लोकरीचे मोजे घेऊन आली. “वर घ्या पाय.”

“राहू दे ना थोडा वेळ.”

“लहान आहात का आता? थांबा, मीच घालते.”

ती गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखाली शिरली. तिची बडबड खालून ऐकू येत होती: उद्याच्या उद्या सामान बांधायचं, काही ऐकून घेणार नाही, या घरात तुम्हाला एकटं ठेवणार नाही. एक मोजा चढवल्याचं मला दिसलं नाही, जाणवलंही नाही. तिच्या बोलण्यावरूनच कळलं.

मग बोलणं मध्येच थांबलं.

मी वाकलो नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवून बसून राहिलो. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावत होतं. मुलगी किंचाळेल, डोकं आपटून बाहेर येईल, मला ओढत दाराबाहेर नेईल, असं सगळं मी मनात धरून चाललो होतो.

मग टेबलाखालून तिचा आवाज आला. अगदी हळू होता, आणि तो लहानपणचा होता.

“बाबा, आईचे मोजे कुठे ठेवलेत?”